बावीस किलोंचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटल्यावर चौकातला, चौथऱ्यावर रुबाबात उभा असलेला कोणी तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर त्याला आधी खाली उतरवा. मला चौथरा नाही, आणि खरे सांगायचे तर मला उभेसुद्धा राहता येत नाही. माझा जन्मच मुळी पडून राहण्यासाठी झाला. जाड कॅनव्हासचे अंग, शिवून लावलेले हातपाय आणि नाक-डोळे नसलेले गोल डोके, असे माझे ध्यान आहे. अपघातात सापडलेल्या माणसाला कसे सोडवायचे, हे एका कारखान्यातल्या कामगारांना शिकवण्यासाठी मला वापरतात. मी बेशुद्ध पडायचे आणि त्यांनी मला वाचवायचे, अशी आमची वाटणी ठरलेली आहे.

आपली जीवनकहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपल्या सेवेच्या फुशारक्या मारतात. माझ्याकडेही फुशारक्या आहेत आणि त्या मी सांगणार आहे, कारण त्यांच्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. होय, गुन्हाच. माझ्यामुळे एक माणूस गेला. मी त्याला हात लावला नाही, मला हात हलवताच येत नाहीत. तरी तो माझ्यामुळे गेला असे मला वाटते, आणि चार वर्षे झाली तरी हे वाटणे तसूभरही कमी झालेले नाही.

मला शिवले ते तंबू शिवणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या शिलाई यंत्राची सुई माझ्या अंगात दोनदा मोडली, एवढे माझे कापड जाड होते. त्यांच्यासमोर स्टुलावर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे कारखान्याचे सुरक्षा प्रशिक्षक. आधी आगीच्या बंबावर नोकरी केलेला माणूस, आवाज खणखणीत आणि नजर वजनकाट्यावर. माझ्या पोटात, छातीत, मांड्यांत वाळूच्या पिशव्या भरायच्या होत्या. भरताना बाईंचे हात भरून आले, तेव्हा त्यांनी थोडी कमी वाळू चालणार नाही का असे विचारले. मास्तर म्हणाले की माणूस सत्तर किलोंचा असतो, तेव्हा हाही सत्तर किलोंचाच होणार. शेवटी दोघांनी मिळून मला हातगाडीवर टाकले. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, एवढा जड जावई कुणाला झेपणार आहे हो. तेव्हापासून माझे नाव जावईबापू पडले. नाव अगदी शोभणारे होते, कारण मी स्वतः काडीचे काम करत नव्हतो आणि चार माणसे माझ्या दिमतीला लागत होती.

आमच्या कारखान्यात कागद होतो. तुमच्या वह्यांची पाने कधीतरी आमच्याकडे लगदा होती. रद्दी पाण्यात भिजवून, घुसळून हा लगदा करतात आणि मोठमोठ्या टाक्यांमध्ये साठवतात. एकेक टाकी दोन मजली घराएवढी खोल. वर एक माणूस उतरेल एवढे गोल तोंड, आणि आत भिंतीला लागून लोखंडी शिडी. लगदा ताजा असतो तोवर काही नाही. तो काही दिवस तसाच पडून राहिला की कुजतो आणि त्यातून विषारी वायू सुटतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. आधी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, चला, हवा साफ झाली. तेवढ्यात त्याचे पाय लटपटतात.

म्हणून मास्तरांनी नियम घालून दिले होते. टाकीत उतरण्याआधी यंत्राने हवा तपासायची. पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन तोंडाला मास्क लावायचा. कमरेला दोर बांधायचा. आणि एक माणूस तोंडाशी बाहेर उभा करायचा, ज्याने काहीही झाले तरी आत जायचे नाही. आवारात एक जुनी कोरडी टाकी होती, इतर टाक्यांच्या निम्म्या खोलीची. तिच्या तळाशी मला टाकून मास्तर हे सगळे कामगारांकडून करून घेत. सुरुवातीच्या काळात मला वर काढायला वीस मिनिटे लागत. तिघे जण घामाघूम होत, मास्कच्या पट्ट्या चुकीच्या लागत, दोर माझ्या काखेतून निसटे आणि मी पुन्हा धप्पकन खाली पडे. सगळे माझ्या नावाने बोटे मोडत. मला वाईट वाटे. तेव्हा मला कळत नव्हते, की ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक दिवस होते.

मग माशी शिंकली. कोणी मुद्दाम काही बिघडवले नाही, हे आधी सांगतो. पहिल्यांदा माझ्या काखेतली शिवण उसवली आणि वाळू गळू लागली. त्याच सुमारास मला ओढताना भांडारातल्या एका कामगाराच्या कमरेत उसण भरली आणि तो आठवडाभर अंथरुणावर होता. पुढे कारखान्यात दरवर्षी सुरक्षा सप्ताह होऊ लागला. त्यात पाहुणे येत, खुर्च्या मांडल्या जात, आणि कोणता विभाग माणसाला लवकर बाहेर काढतो याची स्पर्धा लागे. मॅनेजरसाहेबांना वीस-वीस मिनिटे एका भोकाकडे बघत बसणे जड जाऊ लागले. पाहुणेही जांभया देत. तेव्हा ठरले, की जावईबापूंना थोडे हलके करावे. माझ्यातली उरलीसुरली वाळू काढली आणि कारखान्यात पोत्यांनी पडलेले कागदाचे कपटे माझ्यात ठासून भरले. मी पूर्वीइतकाच लठ्ठ दिसत होतो. वजन मात्र बावीस किलो झाले.

मास्कचेही तसेच झाले. सिलिंडर भरून आणायला दूर पाठवावे लागत. एका वर्षी ते वेळेवर आले नाहीत आणि पाहुणे तर येऊन बसलेले. मास्तरांनी घसा साफ करून स्पर्धकांना सांगितले, "आजच्यापुरता मास्क घातला असं समजा." त्या दिवशी स्पर्धा फार रंगली. पुढच्या वर्षी सिलिंडर भरलेले होते, पण मास्क घालायला चार मिनिटे लागतात आणि स्पर्धेचा रंग जातो, म्हणून तेव्हाही तो घातला असे समजले गेले. मग हवा तपासली असे समजले. मग दोर बांधला असे समजले. तोंडाशी उभा राहणारा माणूस तर टाळ्या वाजवायला पुढेच आलेला असे. शिट्टी वाजली की धावायचे, उतरायचे, मला खांद्यावर टाकायचे आणि वर यायचे, एवढेच शिल्लक राहिले.

आणि मित्रांनो, मला ते आवडू लागले. कोणी मला शिव्या देत नव्हते. मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारत, माझ्यासोबत फोटो काढत. मी शेफारलो. पोटात कपटे भरलेल्या माणसाला आपले वजन ठाऊक असते, तसे मलाही ठाऊक होते. मी खोटा माणूस झालो आहे आणि हे लोक खोट्या माणसाला वाचवायला शिकत आहेत, हे मला समजत होते. पण कौतुक कोणाला नको असते?

माझे सर्वांत जास्त कौतुक केले ते सुसाटने. तो यंत्रदुरुस्ती विभागातला फिटर होता. त्याचे खरे नाव हजेरीपुस्तकातच राहिले होते, कारण तो सगळेच सुसाट करायचा. जेवण पाच मिनिटांत, दाढी दोन मिनिटांत, आणि जिना तर तो दोनच ढांगांत चढायचा. सलग तीन वर्षे स्पर्धा त्यानेच जिंकली. तिसऱ्या वर्षी त्याने मला अठ्ठेचाळीस सेकंदांत बाहेर काढले. तो आकडा प्रशिक्षणाच्या खोलीतल्या फळ्यावर लाल रंगाने लिहिला गेला. बाकीचे मला बाहेर आणून आपटत. सुसाट मात्र मला हळू खाली ठेवायचा, माझे वाकडे झालेले डोके सरळ करायचा आणि विचारायचा, काय जावईबापू, कुठं लागलं तर नाही ना? एवढ्या वर्षांत हे विचारणारा तो एकटाच. त्याचा माझ्यावर जीव होता आणि माझा त्याच्यावर.

चार दिवसांची जोडून सुट्टी आली होती. पाचव्या दिवशी सकाळी कारखाना सुरू झाला, तेव्हा तीन नंबरच्या टाकीतला लगदा पुढे सरकेना. टाकीचे खालचे तोंड तुंबले होते. पंप सांभाळणारे काका हे काम तीस वर्षे करत आले होते. निवृत्तीला त्यांचे सात महिने उरले होते. टाकी उपसून गुडघाभर लगदा राहिला, तेव्हा ते बांबू घेऊन शिडीने खाली उतरले, ते कोणालाही न विचारता. त्यांनी बांबूने लगदा ढवळला, आणि चार दिवस त्यात दबून राहिलेला वायू एकदम वर आला.

मी प्रशिक्षणाच्या खोलीत खिडकीजवळच्या बाकावर पडलो होतो. बाहेर आरडाओरडा झाला, काका पडले, काका आत पडले. मास्तर तेव्हा फाटकाशी नव्या लोकांची नावे लिहून घेत होते. सुसाट आमच्या खोलीत धावत आला, त्याच्या मागे त्याचा जोडीदार वेल्डर. माझ्या बाकाला लागूनच मास्कचे काचेचे कपाट आहे. त्याला कुलूप नव्हते. दोन मास्क आणि दोन भरलेले सिलिंडर आत होते. सुसाटने कपाट उघडले, एक मास्क हातात घेतला आणि पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. त्याने तो कधी घातलाच नव्हता. माझ्या वेळी तो नेहमी घातलेला समजलेला असायचा. त्याने फळ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरू शकत नाही. मला बोलता येत असते, तर मी ओरडून सांगितले असते की माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी बावीस किलोंचा आहे.

वेल्डरने विचारले, घालायचा ना? सुसाट म्हणाला, "हे घालेपर्यंत काका जातील रे. मी त्यांना दीड मिनिटात आणतो."

त्याने मास्क माझ्या छातीवर ठेवला आणि तो गेला.

पुढचे मला चौकशीत कळले, कारण चौकशी आमच्याच खोलीत बसली. सुसाटने श्वास रोखला आणि तो सरसर खाली उतरला. काका शिडीपासून चार पावलांवर भिंतीला टेकून कोसळले होते. त्याने त्यांना काखेत धरून शिडीपर्यंत ओढले. इथपर्यंत सगळे शिकवल्यासारखे झाले. मग त्याने त्यांना खांद्यावर घ्यायला उचलले, आणि ते उचलले गेले नाहीत. काकांचे वजन ऐंशी किलोंच्या वर होते आणि बेशुद्ध माणूस सगळीकडून निसटतो. त्याने दुसऱ्यांदा जोर लावला. जोर लावताना श्वास रोखून धरता येत नाही, मित्रांनो. तुम्ही जड पेटी उचलून पाहा, तुम्हालाही कळेल. त्याने श्वास घेतला. वेल्डरने वरून पाहिले, तो शिडीचा दांडा धरायला हात वर करत होता आणि हात दांड्यापर्यंत गेला नाही.

वेल्डरने एक पाय टाकीत घातला होता, तेवढ्यात मास्तर धावत आले. त्यांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढले आणि ते टाकीच्या तोंडावर आडवे झोपले. वेल्डर त्यांना लाथा मारत होता, रडत होता. मास्तर हलले नाहीत. बंब अकरा मिनिटांनी आला. बंबाचे लोक मास्क घालून उतरले आणि त्यांनी दोराने दोघांना वर काढले. काकांचे तोंड शिडीजवळच्या नळापाशी होते, त्या रिकाम्या नळातून बाहेरची हवा थोडीथोडी आत येत होती. काका वाचले. ते सुसाटने ओढल्यामुळे वाचले की दैव बलवत्तर म्हणून, हे कोणालाच नक्की सांगता आले नाही. सुसाट रुग्णालयात पोचण्याआधीच गेला. त्याचे वय छत्तीस होते.

चौकशीला बाहेरून दोन अधिकारी आले. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्यासमोर प्रशिक्षणाची वही ठेवली. सुसाटने सहा वर्षांत नऊ वेळा प्रशिक्षण घेतले होते आणि नऊ ठिकाणी त्याची सही होती. मास्क कपाटात होते, कपाट उघडे होते. त्यामुळे कच्च्या अहवालात असे लिहिले गेले, की पूर्ण प्रशिक्षण मिळालेल्या कामगाराने स्वतःच्या मर्जीने नियम मोडला. सगळे खापर मेलेल्या माणसावर फुटले आणि जिवंत माणसे मोकळी झाली. मी त्यांच्या टेबलापासून दोन हातांवर पडलो होतो. एकानेही मला उचलून पाहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, कोणीतरी मला उचलावे.

उचलले ते सुसाटच्या बायकोने. कारखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत. त्या त्याच्या कपाटातले सामान न्यायला आल्या होत्या. एक शर्ट, डबा, तेलकट रुमाल आणि स्पर्धेत मिळालेल्या तीन ढाली, एवढे सामान होते. ढाली आमच्या खोलीत होत्या, म्हणून मास्तर त्यांना घेऊन आले. महिनाभरात ते स्वतःही या खोलीत फिरकले नव्हते. वहिनींनी ढाली पिशवीत भरल्या. जायला निघाल्या आणि थांबल्या.

"साहेब म्हणतात, त्यांनी नियम मोडला. त्यांना शिकवलं नव्हतं का?"

मास्तरांनी मास्कचे कपाट लावून घेतले. मग म्हणाले, "शिकवलं होतं, वहिनी. आम्ही शिकवलं, तेच त्यांनी केलं."

त्यांनी वहिनींना सगळे सांगितले. कपटे, शिट्टी, मास्क घातला असे समजा, सगळे. सांगताना त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. वहिनी ऐकत माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या पाठीखाली हात घातला आणि मला उचलले. एका हाताने. दुसऱ्या हातात ढालींची पिशवी तशीच होती. त्यांनी मला थोडे खालीवर करून पाहिले, भाजी घेताना करतात तसे.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "आमचा धाकटा याच्यापेक्षा जड आहे. नऊ वर्षांचा आहे तो."

मला त्यांनी आपटले असते तरी चालले असते. पण त्यांनी मला बाकावर नीट ठेवले. मित्रांनो, नवऱ्याच्या मृत्यूला कारण झालेल्या वस्तूला इतक्या हलक्या हाताने ठेवणारे माणूस मी पुन्हा पाहिले नाही. शरमेने मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले.

चौकशीची शेवटची बैठक चार दिवसांनी होती. मास्तरांनी मला खांद्यावर टाकले आणि आवारातून सगळ्यांच्या देखत चालत, जिथे कागदाची रिळे तोलतात त्या मोठ्या काट्यावर आणून झोपवले. दोन्ही अधिकारी, मॅनेजरसाहेब आणि पहिल्या पाळीचे कामगार भोवती जमले. काटा बावीसवर थांबला. मास्तरांनी काकांना काट्यावर उभे राहायची विनंती केली. काका आता काठी टेकत चालत होते आणि त्यांना धाप लागत होती. आजारपणाने झडूनही ते शहात्तर भरले. मास्तर म्हणाले, या माणसाला वाचवायचे शिक्षण आम्ही त्या पुतळ्यावर दिले, आणि वहीवरच्या नऊही सह्यांखाली माझी सही आहे. मॅनेजरसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन जाण्याचा प्रयत्न केला. मास्तर जागचे हलले नाहीत. वेल्डर पुढे आला आणि म्हणाला की त्यालाही मास्क घालता येत नाही. मग एकेक करून बाकीचेही तेच सांगू लागले.

अहवालातले ते वाक्य काढले गेले. त्याच्या जागी, प्रशिक्षण नावापुरते होते, असे लिहिले गेले. मॅनेजरसाहेबांची बदली झाली. मास्तरांना नोकरीवर ठेवले, पण त्यांचा हुद्दा उतरवला. मॅनेजरसाहेबांवर खटला चालू आहे, त्याचे काय होईल ते मला माहीत नाही. वहिनींच्या धाकट्याला शाळेत कोणी म्हणाले होते, की तुझ्या बाबांनी मूर्खपणा केला. अहवालाची प्रत वहिनींनी त्याच्या वर्गशिक्षिकेला नेऊन दाखवली, एवढे मास्तरांच्या बोलण्यातून कानावर आले.

त्या तंबूवाल्या बाईंकडे मला पुन्हा नेण्यात आले. त्यांनी माझे पोट उसवले, तेव्हा कुबट कपट्यांचा ढीग बाहेर पडला. किती किलो भरायचे, असे त्यांनी विचारले. मास्तर म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना विचारले, "त्यांचं वजन किती होतं?" वहिनी म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी चार किलो कमी करायला सांगितलं होतं, पण ऐकतील तर शपथ." बोलताना त्या किंचित हसल्या आणि मग तोंड फिरवून उभ्या राहिल्या. माझ्यात अठ्ठ्याहत्तर किलो वाळू भरली गेली. तेव्हापासून मी त्याचे वजन अंगात घेऊन पडलेला असतो. ही शिक्षा आहे की मान, हे मी कोणाला विचारलेले नाही.

आता स्पर्धा नाही. फळा पुसला आहे. नवी माणसे आली, की मास्तर त्यांना सांगतात, मला एकट्याने उचलून दाखवा. चांगली दांडगी पोरे हात टेकतात. मग त्यांना मास्क घालायला बसवतात, एकदा नाही, वीस वेळा, तीस वेळा, डोळे मिटूनही. लोक कंटाळतात, कुरकुरतात. पुन्हा माझ्या नावाने बोटे मोडतात. मोडू द्या.

वहिनींना कारखान्यात नोकरी देऊ केली गेली. कचेरीत फाइली लावायचे सोपे काम होते. त्यांनी मागितले ते टाकीच्या तोंडाशी उभे राहण्याचे. मास्तरांना ते पटेना. त्यांनी त्यांना समोर बसवून विचारले, "आत तुमचंच माणूस पडलेलं असलं, तर काय कराल?" वहिनींनी टेबलावरचा मास्क आपल्यापुढे ओढला.

"तेव्हाही बाहेरच थांबेन," त्या म्हणाल्या. "बाहेर अडवायला कुणी थांबलं नाही, म्हणून आमच्या घरी असं झालं."

त्यांची परीक्षा मागच्या महिन्यात झाली, आणि ती माझ्यावरच झाली. मला कोरड्या टाकीच्या तळाशी झोपवले होते. खालून मला फक्त गोल तोंडातून दिसणारे आभाळ आणि वहिनींचे डोके दिसत होते. दोघे कामगार मास्क, सिलिंडर घेऊन तयार होते. नवे मॅनेजरसाहेब मागे उभे होते, आणि सवयीप्रमाणे कोणीतरी चला, चला म्हणत होते. वहिनींनी पहिल्याच्या सिलिंडरचा काटा पाहिला. काटा जेमतेम पाव भागावर होता. मास्तरांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी दोघांच्या आणि टाकीच्या मध्ये आडवा हात धरला आणि धोक्याची घंटा दाबली.

तो कामगार म्हणाला की दुसरा सिलिंडर यायला अर्धा तास लागेल, आणि आत तर नुसता पुतळा आहे, दोन मिनिटांत काढून आणतो.

"आत कोण आहे ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "तू जायचं नाहीस."

त्यांनी हात खाली घेतला नाही. तो तसाच आडवा होता, ते मला खालून दिसत होते. मग त्या खाली वाकल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. माझे अठ्ठ्याहत्तर किलो वजन तळाशी तसेच पडले होते, आणि वर ती बाई दात आवळून उभी होती. सिलिंडर येईपर्यंत अर्धा तास त्या तिथून हलल्या नाहीत, आणि त्यांनी कोणालाही पाय आत घालू दिला नाही.

मित्रांनो, मला शेकडो वेळा वाचवले गेले. हलका झाल्यावर प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या, आणि त्यांतली एकही टाळी मी हक्काने मिळवली नव्हती. त्या दुपारी पहिल्यांदा मला कोणी वाचवायला आले नाही, आणि माझ्या कॅनव्हासच्या छातीवरचे ओझे थोडे उतरले. सगळे नाही उतरले. ते उतरू नये, असेच मला वाटते.

तुम्ही मोठे व्हाल. कोणी कारखान्यात जाल, कोणी विहिरीवर, कोणी विजेच्या खांबावर. तुम्हाला कोणीतरी शिकवायला येईल आणि म्हणेल, आजच्यापुरते केले असे समजा. तेव्हा समजू नका. करायला लावा, लोक हसले तरी चालेल. आणि कधी माझ्यासारखा कोणी खोल खाली पडलेला दिसला, तर आधी मदतीला हाक मारा, आधी स्वतःचा मास्क पाहा, आणि तो नसेल तर बाहेर उभे राहा. उभे राहणे फार अवघड आहे, हे मला आता ठाऊक आहे. तेवढा वेळ मी पडून राहीन. तुम्ही घरी जा.